सत्तेचे पाच आधार आणि मुकादमाची उचल

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात नेतृत्वाचे प्रकरण आले की जॉन फ्रेंच व बर्ट्राम रेव्हन यांचे वर्गीकरण हटकून येते. १९५९ साली या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी सत्तेचे पाच आधार सांगितले : बक्षीस, शिक्षा, पदसिद्ध अधिकार, तज्ज्ञता आणि व्यक्तीविषयीचा आदर. विद्यार्थी ते पाठ करतात; आपणही करवून घेतो. परंतु गेवराई तालुक्यातील अनेक विद्यार्थ्यांनी घरी पाहिलेला कामावरचा पुढारी या प्रकरणात कोठे आढळत नाही. तो म्हणजे ऊसतोड टोळीचा मुकादम.

तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी आहे, गढी येथे साखर कारखाना आहे. तरीही दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फेडून घेतो. एक दिवस काम चुकले की खाडा धरला जातो.

आता पाच आधार लावून पाहावेत. उचल हे बक्षीस म्हणावे, तर ते कामाआधीच मिळते व कर्ज होऊन राहते. खाडा ही शिक्षा खरी. पण ती देणाऱ्याजवळ पद कोणते? मजुरांशी कारखान्याचा थेट करार नसतो. आदराचे म्हणाल तर मुकादम बहुधा गावचाच, कधी भावकीतलाही. तेथे आदर आणि भीड वेगळी काढणे कठीण.

फ्रेंच-रेव्हन यांच्यावर अन्याय होऊ नये. सत्ता ही अनुयायाच्या समजुतीवर उभी असते, हे त्यांनीच मांडले होते. पाठ्यपुस्तकांनी तेवढे गाळून नेत्याच्या गुणांची यादी ठेवली. तथापि मूळ मांडणीही येथे अपुरी पडते, कारण उचल ही समजूत नव्हे. रिचर्ड एमर्सन यांचा १९६२ चा अवलंबनाचा सिद्धांत अधिक जवळचा वाटतो. ‘अ’ची ‘ब’वरील सत्ता म्हणजे ‘ब’चे ‘अ’वरील अवलंबन, आणि बाहेर पर्याय जितके कमी तितके ते अवलंबन अधिक. पावसाने दगा दिलेल्या वर्षी मुकादमाचा शब्द जड का होतो, हे यातून उलगडते. मुकादमाची अडचणही दिसते : कारखान्याकडून वा वाहतूकदाराकडून घेतलेल्या रकमेला तो स्वतः बांधील असतो. उचल घेतलेली जोडी आली नाही, तर देणे त्याच्या अंगावर येते. त्याच्या दरडावण्यामागे पुष्कळदा ही धास्ती असते.

पण एमर्सन यांच्या सूत्रातही एक व्यक्ती बसत नाही. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. कोयता मात्र दोघांचा मोजला जातो. बाईने व्यवहार केलेला नसतो, तरी खाडा तिच्या आजारपणालाही लागतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. अशा शस्त्रक्रिया झालेल्या महिलांची संख्या तेरा हजारांवर असल्याचे पुढे आले. कारणे अनेक आहेत, खासगी वैद्यकीय व्यवहारही त्यांत आहे. परंतु पाळीचे दुखणे म्हणजे बुडालेली मजुरी हा हिशेब तिने मांडलेला नव्हता. तो उचलीबरोबर तिच्या घरात आला होता.