कोडे सुटले, हे कोणी ठरवायचे?

वर्गासाठी एक खोटे वर्तमानपत्र रचावे, त्यातल्या बातम्या, जाहिराती आणि हवामानाच्या चौकटीत एकात एक गुंतलेले कोडे दडवावे, ही कल्पना मोठी मोहक आहे. मात्र असे वर्तमानपत्र रचणाऱ्याने आधी ‘मास्करेड’ या इंग्रजी चित्रपुस्तकाची चिकित्सा करावी, असे आम्ही सुचवू. टप्प्याटप्प्याच्या कोड्याचे बळ आणि त्याचा दोष, दोन्ही तिथे ठळक दिसतात.

किट विल्यम्स या इंग्रज चित्रकाराचे हे पुस्तक १९७९ साली निघाले. त्याने स्वतः घडवलेला सोन्याचा ससा इंग्लंडमध्ये कुठेतरी पुरला होता आणि जागेचा पत्ता पुस्तकातल्या पंधरा चित्रांत लपवला होता. युक्ती अशी : चित्रातल्या प्रत्येक प्राण्याच्या वा माणसाच्या डोळ्यापासून त्याच्या हाताच्या सर्वांत लांब बोटाच्या टोकातून रेघ ओढायची आणि ती चौकटीवरच्या ज्या अक्षरावर पोहोचेल ते टिपायचे; मग पायाच्या बोटाबाबत तेच. प्रत्येक चित्रातून एखादा शब्द किंवा छोटा शब्दसमूह मिळतो. त्यांतून कळते ते असे, की विषुवदिनी मध्यान्ही राणी कॅथरीनच्या स्मारकस्तंभाच्या सावलीचे टोक जिथे पडेल तिथे खणावे. आणि त्या पंधरांची आद्याक्षरे जुळवली की ‘अँपटहिलजवळ’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द तयार होतात! स्तंभ खरोखरच बेडफर्डशरमधल्या अँपटहिल गावच्या उद्यानात आहे.

हा शेवटचा भाग आम्हाला अप्रतिम वाटतो. एवढी अक्षरे योगायोगाने जुळणार नाहीत. उत्तर आपल्या खरेपणाचा पुरावा स्वतःच देते. शिवाय त्यात भूगोलही आहे. अँपटहिलचे अक्षांश सुमारे ५२ अंश. म्हणजे विषुवदिनी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ३८ अंशांवर आणि सावली स्तंभाच्या उंचीच्या सुमारे १.२८ पट. विषुवदिनाची वाट न पाहताही जागा गणिताने काढता येते. (फक्त ‘मध्यान्ह’ घड्याळाची नव्हे, सूर्याची घ्यायची!)

दोष आहे तो सुरुवातीला. डोळ्यापासून बोटाकडे रेघ ओढायची, हे वाचकाला सुचावे कसे? आणि सुचलेली रीत चुकीची असेल तर ती चुकली हे कळावे कसे? चित्रे तपशिलांनी इतकी गच्च भरलेली आहेत की हवा तो आकडा, हवे ते गाव त्यातून काढता येते. हजारो लोकांनी तसे काढले, भलत्याच जागा खणल्या, आणि प्रत्येकाला आपला आकृतिबंध खराच वाटला. अखेर १९८० मध्ये विल्यम्सला ‘संडे टाइम्स’मधून आणखी एक सूचक चित्र द्यावे लागले. पहिल्या पायरीवर पडताळा नसला की कोडे सोडवणे आणि शकुन पाहणे यांत फरक उरत नाही.

१९८२ साली बक्षीस मिळाले ते ‘केन थॉमस’ या टोपणनावाच्या माणसाला. त्याने कोडे सोडवले नव्हते. विल्यम्सच्या ओळखीतून माहिती पोहोचली होती, हे १९८८ मध्ये उघड झाले. कोडे पुरते सोडवले होते माइक बार्कर आणि जॉन रूसो या दोघा भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी. त्यांनी जागाही खणली होती. पण ससा मातीच्या भाजलेल्या डबीत होता आणि उपसलेल्या ढिगाऱ्यात ती त्यांच्या नजरेतून सुटली असे दिसते. बक्षीस त्यांच्या हातचे गेले, पण आपले उत्तर बरोबर आहे हे कळायला त्यांना विल्यम्सला विचारावे लागले नव्हते.

आपल्या वर्तमानपत्रात हा पडताळा पहिल्या पानापासून ठेवता येईल. समजा, तीन बातम्यांतून तीन वस्तू ओळखायच्या आहेत : साबण, तापमापी, राख. आद्याक्षरांतून ‘सातारा’ मिळते आणि पुढचा धागा सातारच्या बातमीत असतो. एखाद्या गटाने तापमापीऐवजी वायुभारमापी ओळखली, तर त्यांच्या हाती ‘सावारा’ येईल. चूक दुसऱ्या बातमीत आहे हे गुरुजींना न विचारता त्यांना कळेल. गावाचे नाव मात्र जपून निवडावे. लोणार आम्हाला फार आवडले असते, पण ‘णा’ने सुरू होणारी वस्तू आणायची कुठून?