अरुंधती रोज समृद्धीत का येते?

'आई कुठे काय करते' ही मालिका संपली तरी तिच्यावरून आमच्याकडे अजून वाद होतात. स्टार प्रवाहवर २३ डिसेंबर २०१९ ला ती सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. तेवढ्या काळात पर्वत पाटियातल्या आमच्या सोसायटीत किती सुना आल्या, किती मुली सासरी गेल्या. अरुंधती मात्र संध्याकाळी साडेसातला हजर. शेवटच्या वर्षी तिला दुपारी अडीचची वेळ दिली, तर आम्ही दुपारची झोप सोडली. इतकी मी तिची भक्त. आणि भक्त आहे म्हणूनच तिच्याबद्दल जरा स्पष्ट लिहिणार आहे. जी मालिका आवडतच नाही तिची चिकित्सा कशाला करायची? रिमोट दाबायचा, विषय संपला.

मालिका बघणाऱ्या बायकांना लोक हसतात. पण सुरतेतल्या मराठी घरात मालिका काय असते, ते हसणाऱ्यांना ठाऊक नसतं. लिंबायत, उधना, डिंडोली, पर्वत पाटिया या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. मुलं शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी शिकतात, मार्केटमध्ये हिंदी-गुजराती चालतं आणि आमच्यासारख्या जैन घरात वर मारवाडीही. सलग अर्धा तास नीट मराठी कानावर पडते ती मालिकेतच. माझ्या नातवंडांना 'घुसमट' हा शब्द अरुंधतीमुळे कळला, माझ्यामुळे नाही.

आमच्याकडे चोविहार. सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, ओटा पुसून होतो आणि साडेसातला बाईचे हात मोकळे असतात. मोकळे म्हणायचं इतकंच. आमच्या भागात घरोघरी साड्यांवर स्टोन चिकटवायचं, लेसपट्टी लावायचं काम चालतं. गठ्ठा मार्केटमधून येतो, नगावर पैसे मिळतात. डोळे साडीवर, कान टीव्हीवर. मालिकेतली माणसं एकच गोष्ट तीन-तीनदा का बोलतात, प्रत्येक वाक्यात समोरच्याचं नाव का घेतात, धक्का बसला की ढोल का वाजतात, हे मला तेव्हा उमगलं. मालिका ऐकण्यासाठी बनवलेली असते. ज्यांचे हात गुंतलेले आहेत त्यांच्यासाठी. समीक्षक सोफ्यावर बसून बघतो नि म्हणतो, 'किती पाल्हाळ!' त्यानं एकदा हातात गोंदाची बाटली धरून बघावी.

आता गंमत ऐका. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये गुजराती बेन राहतात. त्या रात्री दहाला स्टार प्लसवर 'अनुपमा' बघायच्या. सकाळी जिन्यात भेटलो की त्या त्यांच्या अनुपमाचं सांगायच्या, मी माझ्या अरुंधतीचं. दोघींच्या नवऱ्यांची बाहेर लफडी, दोघींच्या मुलांना आईची लाज, दोघींच्या सासवा आधी मुलाच्या बाजूच्या. आम्हाला वाटलं, कोणी कोणाची चोरली? चोरी नव्हतीच. दोन्ही एका बंगाली मालिकेवरून घेतलेल्या. स्टार जलशा वाहिनीवर जून २०१९ मध्ये 'श्रीमयी' सुरू झाली. लेखिका लीना गंगोपाध्याय, मुख्य भूमिकेत इंद्राणी हलदार. मराठीत ती त्याच वर्षी आली, हिंदीत टाळेबंदीनंतर जुलै २०२० मध्ये. तेलुगू, तमिळ, मल्याळम, कन्नड, सगळीकडे तीच बाई वेगळं नाव घेऊन उभी राहिली. एवढ्या भाषांत ती चालली, म्हणजे एवढ्या भाषांत आईला कोणीतरी विचारत असणार, 'तू कुठे काय करतेस?'

दोघींमध्ये फरक मात्र आहे, आणि मी अरुंधतीच्या बाजूची आहे. अनुपमाचं घर अहमदाबादचं, शहा कुटुंब, घरात बा आणि बापूजी. पण तिथली गुजराती म्हणजे हिंदीवर भुरभुरलेली शेव. आमच्या समोरच्या बेनच म्हणतात, 'अमे आवुं नथी बोलता.' रूपाली गांगुली गुणी नटी आहे, पण तिला दर दोन दिवसांनी भाषण द्यायला लावतात. ती उभी राहिली की घरातले सगळे ओळीनं ऐकतात. खऱ्या घरात बाई बोलायला लागली की कोणाचा तरी फोन वाजतो.

मधुराणी प्रभुलकरची अरुंधती आधी गप्प बसते. उत्तर तिच्या चेहऱ्यावर येतं, गळ्यात अडकतं आणि मग हळू आवाजात बाहेर पडतं. लग्नात टाकून दिलेलं गाणं तिला पुन्हा सापडतं, तेही एकदम मैफिलीत नाही, चाचरत सापडतं. आणि मिलिंद गवळींचा अनिरुद्ध! तो स्वतःला वाईट समजतच नाही. आपल्यावरच अन्याय झालाय, आपण एवढं कमावून आणतो, आपल्याला थोडा आनंद नको का, असं त्याला मनापासून वाटतं. खलनायक मिश्या पिळतो तेव्हा भीती वाटत नाही. असा माणूस आपल्याच घरात बनियन घालून पेपर वाचताना दिसतो, तेव्हा वाटते. पहिली दीड-दोन वर्षं ही मालिका त्यामुळेच चांगली होती. डबा, औषधं, सासऱ्यांचा चहा, मुलीचा रुसवा, असं आईचं एकेक काम तिनं मोजून दाखवलं. दिवसभर घरात काय चालतं याचा हिशेब कोणीतरी पडद्यावर मांडला.

मग २०२१ मध्ये अरुंधतीचा घटस्फोट झाला. आमच्या सोसायटीत त्या दिवशी कोणी स्टोन चिकटवले नसतील. ती घराबाहेर पडली. पुढे कॉलेजातला मित्र आशुतोष आला, २०२३ मध्ये दोघांचं लग्नही झालं. पंचेचाळिशीच्या पुढची, तीन मोठ्या मुलांची आई, आणि पुन्हा नवरी! आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण बघितलं सगळ्यांनी. मराठी मालिकेनं इतकं करणं थोडं नव्हतं.

पण तुम्ही आठवून बघा मैत्रिणींनो. घटस्फोटानंतर अरुंधती कुठे असायची? समृद्धी बंगल्यात. लग्नानंतर कुठे असायची? पुन्हा समृद्धीत. मुलाचा संसार बिघडला, अरुंधती आली. सासूबाईंना बरं नाही, अरुंधती आली. घरात सण आहे, अरुंधती साडी नेसून हजर. मधल्या काळात अनिरुद्धशी लग्न करून संजना त्या घरात आली होती. आणि तिला काय शिक्षा? स्वयंपाकघर. ऑफिस सांभाळणारी हुशार बाई चहाच्या आधणापुढे गोंधळते, यावर कितीतरी भाग निघाले. म्हणजे जी मालिका 'आईच्या कामाची किंमत करा' म्हणत सुरू झाली, तिनं तेच काम दुसऱ्या बाईला कमी दाखवायला वापरलं. एकीची परीक्षा त्याच ओट्यावर, दुसरीचीही त्याच ओट्यावर. अनिरुद्धला कोणी चहा करायला सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. पुढे आशुतोष मालिकेतून गेला आणि कथा पुन्हा देशमुखांच्या अंगणात येऊन बसली.

असं का झालं? लेखकांना समजत नव्हतं असं मला वाटत नाही. मला कारण साधं दिसतं. रोजच्या मालिकेचं खरं भांडवल म्हणजे तिचं घर. एकदा दिवाणखाना, जिना, स्वयंपाकघर, देवघर उभं केलं की तिथेच आठवड्याचे सहा भाग काढायचे असतात. नवं घर म्हणजे नवा खर्च, नवी माणसं, नवी प्रकाशव्यवस्था. शिवाय प्रेक्षकाला जुना सोफा ओळखीचा असतो. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. ते घसरले की ओळखीच्या माणसांना ओळखीच्या खोलीत आणून भांडण लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं, तेव्हा कितीतरी मालिका गोवा, दमण, सिल्वासाकडे गेल्या आणि सगळी कुटुंबं अचानक रिसॉर्टमध्ये राहायला लागली. त्यांना घराबाहेर काढायला सरकारी बंदी लागली! एरवी अरुंधतीला नवऱ्यापासून घटस्फोट मिळू शकतो, सेटपासून नाही.

हे फक्त एका मालिकेचं नाही. 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये सुनेनं सासूचं लग्न लावून दिलं. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक, किती गोड जोडी होती! २०२० च्या सुरुवातीला लग्नाची हळद लागली तेव्हा आम्ही इथे पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पण लग्नानंतर आसावरीच्या नव्या संसाराचं काय दिसलं? बबड्याच दिसला. कष्टानं दार उघडायचं आणि बाईला उंबऱ्यावर उभं करून मागे वळवायचं, ही सवय झालीय.

एका वर्षी चातुर्मासात मी टीव्हीचं पच्चक्खाण घेतलं होतं. चार महिने टीव्ही बंद. सुटल्यावर पहिला भाग लावला आणि पाच मिनिटांत सगळं कळलं. माणसं त्याच दिवाणखान्यात, जवळजवळ त्याच जागी उभी होती, विषय तोच, रडणंही तेच. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, 'बरंय की, काही चुकलं नाही!' मला मात्र ते खटकलं. चार महिन्यांत आमच्या सोसायटीतल्या एका बाईनं शिवणाचं स्वतःचं काम सुरू केलं होतं. खऱ्या बायका मालिकेतल्या बाईपेक्षा भरभर पुढे जात होत्या.

तुम्ही म्हणाल, मालिकाच ती, एवढं काय मनावर घ्यायचं? घ्यायचं अशासाठी. आमच्या ओळखीतली एक मुलगी सासरचा जाच सोसून माहेरी परत आली. नाव सांगत नाही. आमच्या समाजात अशी मुलगी परत आली की बायका आवाज खाली करून बोलतात. तिला भेटायला आलेल्या एका मावशी अगदी प्रेमानं म्हणाल्या, 'बेटा, अरुंधतीकडे बघ. एवढं झालं तरी सासूसासऱ्यांना सोडलं नाही तिनं. आजही त्या घराचं सगळं करते.' मुलगी काही बोलली नाही. मी तिथेच होते. मी मावशींना म्हटलं, 'मावशी, अरुंधतीला त्या कामाचे पैसे मिळतात. मधुराणीताईंना. हिला कोण देणार?' मावशी हसल्या, पण मला हसू आलं नाही.

मालिकेची खरी ताकद ही आहे. 'घटस्फोट घेतला तरी आभाळ कोसळत नाही' हे तिनं सांगितलं, आणि त्याच तोंडानं 'चांगली बाई घटस्फोटानंतरही हजर असते' हेही सांगितलं. पहिली गोष्ट जिला हवी होती तिच्या गळ्यात दुसरी गोष्ट पडली. सासूसासऱ्यांवर माया असणं चांगलंच; अप्पांसारखा सासरा असेल तर मीही जाईन भेटायला. पण माया ही त्या बाईनं ठरवायची गोष्ट आहे. मालिकेनं तिची हजेरी घेऊ नये.

मला काय बघायला आवडलं असतं सांगू? घराबाहेर पडलेल्या अरुंधतीचा पहिला महिना. भाड्याच्या घराची अनामत रक्कम कुठून आणली, वीजबिल कोणाच्या नावावर, गाण्याच्या शिकवणीची फी मागताना जीभ कशी अडखळली, एकटीसाठी पोळ्या किती करायच्या याचा अंदाज कसा चुकला. सणाला समृद्धीतून फोन आला आणि ती म्हणाली, 'या वेळी नाही जमणार.' आणि नंतर काहीच झालं नाही. कोणी आजारी पडलं नाही, कोणाचं लग्न मोडलं नाही. देशमुखांच्या घरी कोणीतरी यूट्यूबवर बघून पुरणपोळी केली, जरा फाटली, खाल्ली सगळ्यांनी. असा भाग कोणत्याही सेटवर स्वस्तात झाला असता.

आता तेच लोक नव्या मालिका घेऊन आलेत आणि मी त्या बघतेच आहे. साडेसातला दुसरं करायचं तरी काय, स्टोन चिकटवायचेच आहेत. तुम्हीही बघा. फक्त एक हिशेब ठेवत जा. नव्या मालिकेतली बाई घराबाहेर पडली की तारीख लिहून ठेवा आणि कितव्या दिवशी लेखक तिला परत त्याच ओट्याशी आणतात ते मोजा. आपल्या शेजारपाजारची एखादी मुलगी परत आली असेल, तर तिला मालिकेतला दाखला देण्याआधी हा आकडा एकदा बघून घ्या.