तेज कुणाच्या मालकीचं?

एक चिलखत, एक ढाल, चार शस्त्रं आणि इतर चार वस्तू. जादुई म्हणावं असं एवढंच जवळ ठेवायचं, त्याहून अधिक नाही. मिळकतीचा दहावा भाग धर्मकार्याला द्यायचा, उरलेलं साठवायचं नाही आणि सोबतीला सज्जनच घ्यायचे. या अटी कुठल्या मठातल्या नाहीत, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या 1978 च्या नियमपुस्तकातल्या आहेत. त्या पाळणाऱ्या धर्मयोद्ध्याचं नाव पॅलाडिन. त्याने हात ठेवला की जखम भरते, रोग त्याला शिवत नाही, दुष्टपणाची चाहूल त्याला दुरून लागते. पण जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की हे सगळं त्या क्षणी जातं आणि पुन्हा कधी मिळत नाही.

या खेळाची सगळी गंमत लुटीत आहे. गुहेत शिरायचं, राक्षस मारायचे, खजिना बाहेर काढायचा. अशा खेळात खजिन्याकडे पाठ फिरवणारं पात्र घालणं हीच एक उत्तम वाङ्मयीन कल्पना आहे. या पात्राचा स्वभाव वर्णनातून कळत नाही, त्याला घातलेल्या मनाईंतून कळतो. गॅरी गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांनी 1975 च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत हा योद्धा पहिल्यांदा आणला. नाव शार्लमेन राजाच्या बारा वीरांकडून आलं, आणि बराचसा पिंड पॉल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीतल्या होल्गरकडून. दुसऱ्या महायुद्धात लढणारा हा डॅनिश इंजिनिअर अचानक शार्लमेनच्या दंतकथांच्या जगात जाऊन पडतो.

तरीही या पहिल्या पॅलाडिनमध्ये एक उणीव आहे. त्याचं पतन फार कोरडं आहे. वीजबिल थकलं की जोडणी तोडावी, तसं त्याचं तेज तोडलं जातं. नियम मोडला, शक्ती गेली, विषय संपला. आत काय तुटलं, ते कळत नाही. म्हणून या परंपरेतला खरा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही : हे तेज मुळात असतं कुणाचं? देवाचं, धर्मसंस्थेचं, की त्या माणसाचं?

तो प्रश्न ‘वॉरक्राफ्ट’ या संगणकावरच्या खेळमालिकेने विचारला, आणि दोन माणसं समोरासमोर ठेवून विचारला. पहिला आर्थस. 2002 च्या ‘वॉरक्राफ्ट 3’चा हा नायक लॉर्डेरॉनचा राजपुत्र आहे, रौप्यहस्त नावाच्या धर्मयोद्ध्यांच्या संघात दीक्षा घेतलेला, ज्येष्ठ पॅलाडिन ऊथरचा शिष्य. स्ट्रॅथहोम शहरात रोगट धान्य पोचलेलं आहे आणि ते खाल्लेली माणसं मरून प्रेतसैनिक होणार आहेत. आर्थस ठरवतो की ती उठण्याआधीच सगळं शहर कापून काढायचं. ऊथर नकार देतो, तेव्हा आर्थस त्याच्यावर राजद्रोहाचा ठपका ठेवतो. पुढचा डाव आपल्याला स्वतः खेळावा लागतो. घरं आपणच फोडायची, माणसं आपणच मारायची, आणि तीही शत्रूच्या आधी, कारण पडद्यावर दोघांची मोजणी चालू असते. पाप प्रेक्षकाच्या हातून करवून घेणं नाटकाला किंवा कादंबरीला जमत नाही. ती ताकद खेळाचीच.

पुढे तो फ्रॉस्टमोर्न ही शापित तलवार उचलतो आणि मृत्युयोद्धा होतो. इथे रचनाकारांनी एक बारीक काम केलं आहे, ते सहज नजरेतून सुटतं. पॅलाडिन आर्थसकडे ‘होली लाइट’ होता. तो जिवंतांना बरं करतो आणि प्रेतसैनिकांना जाळतो. मृत्युयोद्धा आर्थसकडे त्या जागी ‘डेथ कॉइल’ येतो, तो प्रेतसैनिकांना बरं करतो आणि जिवंतांना मारतो. आधी त्याच्याभोवती भक्तीचं वलय होतं, आता अपवित्र वलय आहे. आधी तो पडलेल्या सोबत्यांना जिवंत करायचा, आता पडलेल्यांची प्रेतं उठवून लढायला लावतो. माणूस बदलला असं कुणी सांगत नाही. तीच बटणं राहतात, त्यांचा अर्थ उलटा होतो. पतनाचं इतकं नेमकं चित्रण मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेलं नाही. त्यानंतर तो घरी परततो. विजयी राजपुत्र म्हणून त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या जातात, आणि त्याच पाकळ्यांतून चालत जाऊन तो बापाला सिंहासनावर ठार मारतो.

दुसरा माणूस त्याच संघातला टिरियन फोर्डरिंग. त्याची कथा क्रिस मेट्झेन यांच्या ‘ऑफ ब्लड अँड ऑनर’ या छोट्या कादंबरीत येते. आयट्रिग नावाचा म्हातारा ऑर्क, म्हणजे माणसांचा जन्मजात शत्रू, ढासळत्या बुरुजाखाली सापडलेल्या टिरियनचा जीव वाचवतो. टिरियन त्याला शब्द देतो : तू इथे राहतोस हे मी कुणाला सांगणार नाही. ऑर्क पकडला जातो, तेव्हा शब्द राखण्यासाठी टिरियन आपल्याच सैनिकांवर हात उचलतो. खटला उभा राहतो. शब्द सोडून दिला तर माफी मिळणार असते, पण तो सोडत नाही. मग ऊथर स्वतः विधी करून त्याचं तेज काढून घेतो. पद जातं, जहागीर जाते. बायको आणि मुलगा त्याच्याबरोबर वनवासात येत नाहीत.

आमच्या सडक अर्जुनीकडच्या प्रेक्षकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. धान कापून झालं, दिवाळी सरली की इथे गावोगावी मंडई भरते. दंडार होते, आणि मोकळ्या शेतात मंडप घालून झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. या रंगभूमीचं वजन किती, हे इथले नट परशुराम खुणे यांना 2023 साली मिळालेल्या पद्मश्रीने बाहेरच्यांनाही कळलं. नायक जिंकतो की हरतो, एवढ्यासाठी हा प्रेक्षक थंडीत रात्रभर बसत नाही. दिलेला शब्द आणि घरदार एकमेकांसमोर उभे राहतात, तो प्रवेश पाहायला तो बसलेला असतो. हरिश्चंद्राने त्याला केव्हाच शिकवलंय की शब्द पाळणाऱ्याचं आधी राज्य जातं, मग बायको आणि मुलगा. टिरियन त्याच घराण्यातला.

फरक पुढे आहे आणि तो मोलाचा आहे. हरिश्चंद्राची कसोटी विश्वामित्र घेतात आणि शेवटी देव येऊन सगळं परत देतात. टिरियनकडे कुणी येत नाही. आयट्रिगला फाशी होणार म्हणून तो निःशस्त्र झालेला, बहिष्कृत माणूस पुन्हा शहरात शिरतो. ऑर्क शेवटच्या घटका मोजत असतो. टिरियन त्याच्यावर हात ठेवतो, आणि ज्याचं तेज भर सभेत काढून घेतलं होतं, त्याच्याच हातातून ते पुन्हा वाहू लागतं. संघाने पद काढलं, तेज काढता आलं नाही. कारण ते संघाचं कधी नव्हतंच. ही सगळ्या परंपरेतली सर्वांत धीट जागा आहे. वर ऊथर इथे खलनायक नाही, हे लेखकाचं कसब. तो सच्चा आहे, आणि चुकला आहे. हाच ऊथर पुढे मेलेल्या राजाच्या अस्थींचा कलश राखताना आर्थसच्या हातून मरतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’लाही हे उशिरा उमगलं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिनला देव असलाच पाहिजे असं नाही, त्याची शपथ हीच त्याची शक्ती. आणि 2007 साली ‘वॉरक्राफ्ट’ने उलट टोकही दाखवलं. रक्तयोद्धे नावाचे एल्फ एका प्रकाशमय जीवाला कोंडून त्याचं तेज शोषून घेतात आणि पॅलाडिन होतात. शक्ती तीच आणि चमकही तीच, पण मागे शपथ नाही. तुलनेला ही जोड उत्तम आहे, तिचा विस्तार मात्र घाईत उरकला आहे.

या सगळ्याला महाराष्ट्रातून मिळालेलं उत्तर म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा 2020 चा खेळ. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं. राजी डोंबारणीसारखी कसरती करणारी सर्कशीतली पोर. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते. दुर्गा आणि विष्णू तिचा प्रवास वरून पाहत राहतात आणि आपसात बोलत राहतात. कथेचे प्रवेश छायाबाहुल्यांच्या धाटणीत येतात. राजीला दीक्षा नाही, संघ नाही, नियमपुस्तक नाही. दिवस रक्षाबंधनाचा आहे आणि भावाला सोडवायला बहीण निघाली आहे. रिवाजात रक्षणाचं वचन भावाकडून येतं, इथे ते न बोलता तिने उचललं. लढतानाही ती खांबांवर झोके घेते, भिंतीवरून उलटी झेपावते. देवाने शस्त्र दिलं, पण अंगातली कला तिचीच आहे. खेळाचा शेवट अर्ध्यावर सोडल्यासारखा वाटतो, ही त्याची मोठी उणीव. पण तेजाच्या मालकीबद्दल तो टिरियनच्या बाजूने कौल देतो, आणि तोही शपथेचा एक शब्द न उच्चारता.

माझ्या मते धर्मयोद्ध्याच्या कथेत आर्थस सर्वांत रेखीव आहे आणि टिरियन सर्वांत मोठा. आर्थसचं पतन नियमांनीही दाखवता आलं. टिरियनचं टिकून राहणं दाखवायला नियमांच्या बाहेर यावं लागलं. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्यांसाठी लिहिणाऱ्या कुणी हा खटल्याचा प्रवेश जरूर हाताळून पाहावा. ऑर्कच्या जागी कोण उभा करायचा, तेवढंच ठरवायचं आहे.