विनोदकाराची स्वरस्मृती : पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणलेखनाचा एक विचार

विनोदी लेखकाने शोक करावा की नाही, आणि केल्यास तो वाचकाने कितपत मनावर घ्यावा, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस आहेत, हे जुन्या साहित्यशास्त्राचे मत गृहीत धरूनच बहुधा विनोदकाराच्या गंभीर लेखनाकडे पाहिले जाते. त्यामुळे असे लेखन ही विनोदाने घेतलेली क्षणभराची विश्रांती ठरते. पु. ल. देशपांडे (1919–2000) यांच्या संगीतविषयक स्मरणलेखनाला मात्र ही विभागणी लागू पडत नाही. त्यांत हास्य, स्वर आणि वियोग यांचे मूळ एकच आहे, आणि ते त्यांच्या कानात आहे.

मराठी रंगभूमीला हा संयोग अपरिचित नव्हता. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 साली, नाटककाराच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, रंगभूमीवर आले. त्यात तळीरामाचा विनोद आणि बालगंधर्वांच्या सिंधूचे गाणे एकाच शोकान्तिकेत नांदत होते. ज्या पिढीने हसणे, गाणे आणि रडणे एकाच रात्रीच्या खेळात अनुभवले, तिच्या संस्कारांत पु. ल. वाढले. तथापि नाटकात हे तीन घटक निरनिराळ्या पात्रांत वाटलेले असतात, पु. लं.च्या निबंधात ते एकाच निवेदकाच्या वाणीत उतरले, हा महत्त्वाचा फरक होय.

‘गणगोत’ (1966) मधील ‘रावसाहेब’ हे व्यक्तिचित्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. बेळगावातील वास्तव्यात पु. लं.ना भेटलेले कृष्णराव हरिहर हे चित्रपटगृहाचे मालक, संगीत आणि नाटक यांचे वेडे, आणि वाणीने अत्यंत शिवराळ. त्यांच्या मराठीवर कानडीची छाप असल्याने नामांची लिंगे यथेच्छ बदलतात, आणि वाचकाला प्रथम हसू येते ते या बोलण्याचे. परंतु ही भाषा केवळ विनोदाचे साधन असती, तर लेखाच्या अखेरीस रावसाहेबांचा मृत्यू वाचकाला उपरा वाटला असता. तसे होत नाही. पानोपानी ऐकलेला तो आवाज आता उमटणार नाही, ही जाणीवच शोकाला पुरेशी होते. ज्या गोष्टीने हसवले, तिचाच अभाव पुढे रडवतो. शोकासाठी लेखकाला निराळी सामग्री जमवावी लागत नाही.

येथे विनोदकार आणि संगीतज्ञ यांचे नाते स्पष्ट होते. दुसऱ्याच्या बोलण्यातील हेल, आघात आणि विराम नेमके टिपणे ही नकलेची अट. तीच गाणे स्मरणात ठेवण्याचीही अट. नक्कल ही मुळात स्वराची स्मृती आहे. पु. ल. पेटीवादक होते, ही बाबही केवळ चरित्रापुरती मानू नये. साथीदाराला गायकाच्या मागोमाग जावे लागते आणि नुकत्याच विरलेल्या स्वराचा माग ठेवावा लागतो. पेटीच्या स्थिर स्वरांना मींड साधत नाही. गळ्यातील सूक्ष्म वळणाजवळ जाऊन ती थांबते. या मर्यादेवर बोट ठेवून आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीन दशके तिला दूर ठेवले होते. मृत गायकाविषयी लिहिणाऱ्या गद्याचीही हीच अवस्था असते. गाणे शब्दांत येत नाही. शब्द त्याच्या शेजारी बसून साथ करू शकतात. पु. लं.चे गद्य ही मर्यादा ओळखते. म्हणूनच ते रागाच्या वर्णनापेक्षा गाणाऱ्याच्या वागण्याबोलण्यावर आणि मैफलीच्या वातावरणावर अधिक विसंबते.

या पद्धतीचे दोषही नोंदवले पाहिजेत. ‘गुण गाईन आवडी’ (1975) हे तुकोबांच्या अभंगातून घेतलेले नावच लेखकाची भूमिका सांगते : गुणगान हा हेतू, चिकित्सा नव्हे. परिणामी गेलेला काळ सर्वस्वी सुरेल भासू लागतो. आणखी एक मर्यादा सामाजिक आहे. ही स्मृती मुख्यतः मुंबई, पुणे, बेळगाव येथील मैफलींची, संगीत नाटकाची आणि नभोवाणीची आहे. ज्या श्रोतृवर्गाला लेखणी उपलब्ध होती, त्याचाच वियोग ग्रंथात शिरला.

सडक अर्जुनीसारख्या ठिकाणाहून पाहिल्यास ही मर्यादा विशेष जाणवते. गोंदिया जिल्ह्यातील हा तालुका झाडीपट्टीचा भाग. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत या मुलखात दंडार उभी राहते; खडी गंमत आणि रात्रभर चालणारी नाटके होतात. त्यांतही गाणे आणि सोंग यांची फारकत नसते. हसवणारा नट पुष्कळदा गाणाराही असतो. त्याचा बराचसा विनोद लिखित संहितेत नसून झाडीबोलीच्या हेलात आणि समोरच्या प्रेक्षकाला दिलेल्या तात्काळ उत्तरात असतो. असा नट गेला म्हणजे त्याच्यासोबत त्याचा पाठही जातो. परशुराम खुणे या झाडीपट्टीतील विनोदी नटाला 2023 साली पद्मश्री मिळाली, ही गौरवाची गोष्ट खरी. परंतु सन्मान म्हणजे स्मरणलेखन नव्हे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि दंडार यांना अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली. तरीही प्रकाराचा अभ्यास आणि व्यक्तीचे स्मरण ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्याने दंडार म्हणजे काय ते कळते. अमुक एका नटाने शब्द कोठे ओढला आणि गाव कोठे हसले, ते दुसऱ्यानेच कळेल.

पु. लं.च्या लेखनाचे स्थायी मूल्य या ठिकाणी आहे. मनुष्याचा आवाज त्याच्या दोषांसह, शिव्यांसह आणि चुकीच्या व्याकरणासह जपला, तरच त्याच्या जाण्याचा अर्थ मागे राहणाऱ्यांना कळतो, हे ‘रावसाहेब’ने दाखवून दिले. बेळगावच्या बोलीला जो न्याय मिळाला तो झाडीबोलीला मिळू नये, असे कोणतेही वाङ्मयीन कारण नाही. त्यासाठी पु. लं.च्या शैलीचे अनुकरण उपयोगाचे नाही. त्यांच्या कानाची शिस्त मात्र उपयोगी पडेल. आणि ते काम ऐकणारे हयात आहेत तोवरच होण्यासारखे आहे.