एका जलकृमीचें नांव व त्यापुढील कंस

पुष्पिका गाळून उतरलेल्या पोथीचें मोल किती घटतें, हें संग्राहकांस सांगावयास नको. प्राणिशास्त्राच्या नामावळींतही अशी एक पुष्पिका असते. ती म्हणजे कर्त्याच्या नांवाभोंवतालचा कंस. त्याची उपेक्षा केल्यास काय हरपतें, तें पुढील उदाहरणावरून दिसेल.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील अध्यापक आल्फ्रेड गिब्स बोर्न यांनीं इ. स. १८९० मध्यें तेथील गोड्या पाण्यांतील एका कृमीस 'कीटोब्रँकस सेंपेरी' असें नांव दिलें. येथील 'कीट' संस्कृत नव्हे. केश व कल्ले या अर्थांच्या ग्रीक पदांचा हा समास आहे. कृमीच्या कल्ल्यांत त्याचे राठ केश असतात, म्हणून नांव अन्वर्थक होतें. परंतु योहान याकोब हेकेल यांनीं १८४० मध्येंच तें दक्षिण अमेरिकेंतील माशांच्या एका प्रजातीस दिलें होतें. प्राण्यांच्या दोन प्रजातींस एक नांव चालत नाहीं. म्हणून १९०० मध्यें मिखाएलसेन यांनीं कृमीच्या प्रजातीस 'ब्रँकिओड्रिलस' हें नवें नांव दिलें.

१९१० मध्यें जे. स्टीफन्सन यांनीं लाहोरच्या अशाच एका कृमीस 'लाहोरिया हॉर्टेन्सिस' म्हटलें. मागाहून तोही ब्रँकिओड्रिलसमध्यें गणला गेला. पहिल्या प्रसंगीं एका नांवाचे दोन धनी होते, दुसऱ्यांत एका धन्याचीं दोन नांवें. 'लाहोरिया' लोपलें, 'उद्यानांतला' या अर्थाचें 'हॉर्टेन्सिस' मात्र राहिलें.

आज पहिल्या कृमीचें नांव 'ब्रँकिओड्रिलस सेंपेरी (बोर्न, १८९०)' असें लिहितात. जातीचें वर्णन बोर्न यांचें, पण तें अन्य प्रजातिनामाखालीं झालें, एवढें तो कंस सांगतो. तो गाळल्यास बोर्न यांनीं १८९० मध्यें 'ब्रँकिओड्रिलस' हें नांव योजिलें असा अर्थ होतो. म्हणजे नांव जन्मण्यापूर्वीं दहा वर्षें त्याचा वापर! त्या नांवानें बोर्न यांचा मूळ लेख शोधणाऱ्यास कांहींच सांपडणार नाहीं.

तथापि ही पुष्पिका अपुरी आहे, असा आमचा आक्षेप आहे. मूळ प्रजातिनाम कोणतें, स्थलांतर कोणीं केलें, हें ती सांगत नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञ कंसापुढें स्थलांतर करणाऱ्याचें नांवही देतात. प्राणिशास्त्रांत तें ऐच्छिक आहे. सूचिकारांनीं तें देण्याचा परिपाठ ठेवावा. निदान असलेला कंस तरी पुसूं नये.