आराखडा की आख्यान?

मराठीत शास्त्रीय विषयांवर लिहिणारे नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. लिहिणारे आहेत, आणि दिवाळी अंकांतून आनुवंशिकतेवर एखादा तरी लेख हटकून असतो. असे लेख मी सावंतवाडीत बसून हौसेने वाचीत आलो आहे. माहिती बहुधा बरोबर असते. भाषाही पूर्वीइतकी बोजड राहिलेली नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक उपमा यायचीच: जनुक म्हणजे घराचा आराखडा. हृदयाचा आराखडा अमुक जनुकात, स्नायूंचा तमुक जनुकात, आणि पेशी म्हणजे तो आराखडा पाहून भिंती उभारणारे गवंडी. उपमा सोपी आहे, म्हणूनच ती एका लेखातून दुसऱ्या लेखात बिनभाड्याने राहते. माझा आक्षेप तिच्यावर आहे. केवळ अलंकाराची चूक असती तर मी ती सोडून दिली असती. पण ती घरात शिरून काय करते ते मी पाहिले आहे, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

त्याआधी एका नावाची झाडाझडती घ्यायला हवी. ज्या कीटकाच्या जिवावर हे शास्त्र वाढले त्या ड्रॉसोफिलाला आपले लेखक सर्रास 'फळमाशी' म्हणतात. इंग्रजी नावाचे हे शब्दशः भाषांतर पुण्या-मुंबईच्या वाचकाला खटकत नसेल. आमच्याकडे ते सरळ फसवते. कोकणातल्या बागाईतदाराची फळमाशी म्हणजे हापूसच्या सालीत अंडी घालून आतला गर किड्यांच्या हवाली करणारी. तिच्यासाठी तो कलमांना सापळे टांगतो. शास्त्रज्ञांची ती ही नव्हे. त्यांची म्हणजे पिकून ओघळलेल्या फणसावर, काजूच्या आंबलेल्या बोंडांवर भिरभिरणारे, लाल डोळ्यांचे दोन-तीन मिलिमीटरचे चिलट. ते खाते आंबवणाचे किण्व. ड्रॉसोफिला या ग्रीक घडणीच्या नावाचा अर्थ 'दवाची आवड असलेली' असा होतो. इतके सुरेख नाव असलेल्या जीवाला आपण शेजारच्या चोराचे नाव दिले! मी तरी या लेखात चिलटच म्हणणार.

या चिलटाचे भाग्य १९१० साली उघडले. न्यूयॉर्कमध्ये टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या गर्दीत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, आणि गुण गुणसूत्रांवरून पुढे जातात हे त्यावरून उलगडत गेले. चिलटाला गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या. उबेत ठेवले तर अंड्यातून एका दिवसात अळी बाहेर पडते आणि दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. पुढे १९८० साली क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी भ्रूण बिघडवणारी जनुके एकामागून एक हुडकून काढल्याचे प्रसिद्ध केले. त्या कामाबद्दल त्यांना, एडवर्ड लुइस यांच्याबरोबर, १९९५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बिघडवून शोधण्याच्या या रीतीमुळे नावांचा एक मजेदार घोळ झाला आहे. जनुक बंद पडले की जे बिघडते त्यावरून त्याचे नाव पडते. डोळे लाल करायला लागणाऱ्या जनुकाचे नाव 'व्हाइट', कारण ते नसले की डोळे पांढरे होतात. 'हार्टलेस' हे जनुक असेल तर हृदय होते! आमच्याकडे आधीची मुले गेली की पुढच्याला धोंडू म्हणत, त्या नावातही अशीच न घडलेल्या गोष्टीची सावली असे. सर्वांत गाजलेले नाव 'टिनमन'. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या बालकथेत हृदय नसलेला एक पत्र्याचा माणूस आहे, त्याच्यावरून ते आले. हे जनुक नसलेल्या भ्रूणाच्या पाठीत हृदयाची नळीच तयार होत नाही. १९९३ साली हे प्रसिद्ध झाले, आणि आपल्या लेखांतून त्याचे रूपांतर झाले: 'हृदयाचा आराखडा सापडला.'

काय सापडले होते ते जरा सावकाश पाहू. भ्रूणाच्या पेशींचा एक थर आत वळतो, हा मध्यस्तर. स्नायू, हृदय, आतड्यावरचे स्नायूंचे वेष्टन, सारे यातूनच होते. आरंभी या साऱ्या थरात टिनमन जागे असते. म्हणजे नुसत्या टिनमनने हृदय ठरत असते तर सगळा थरच हृदय झाला असता. मग त्या पेशी बाहेरच्या कातडीच्या थराला लागून पसरत पाठीकडे सरकतात. पाठीकडची कातडी डीपीपी नावाचे एक प्रथिन बाहेर सोडते. ज्या पेशींना ते पोचते त्यांच्यातच टिनमन जागे राहते. पोटाकडच्या पेशींत ते मालवते. मानफ्रेड फ्राश यांनी १९९५ साली दाखवले की डीपीपी मुद्दाम भलतीकडे सोडले तर पोटाकडच्या पेशींतही टिनमन टिकून राहते. पाठीकडे पोचलेल्यांपैकीही 'विंगलेस' हा दुसरा सांगावा ज्यांना मिळतो त्या हृदयाच्या वाटेला लागतात, इतर आतड्याच्या स्नायूंकडे वळतात. पेशी कोण होणार हे ती कुठे उभी आहे आणि शेजारी तिला काय सांगतो यावर इतके अवलंबून आहे. यात आराखडा कुणाच्या हातात होता?

आमच्या चितारआळीत लाकडी आंबा, लाकडी केळे घडवतात. कारागिराच्या मनात आंबा आधीच असतो आणि हात बाहेरून चालतो. आराखड्याच्या उपमेला असाच एक कारागीर लागतो, आणि भ्रूणात नेमका तोच नाही. मला विचाराल तर खरी उपमा जत्रेतल्या दशावतारात आहे. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, वेष वाटले जातात, आणि मग समोरचा जे बोलेल त्याला उत्तर देत देत नाटक उभे राहते. तोच नट आज या वेषात, उद्या त्या. जनुके म्हणजे त्या मंडळींची पेटाऱ्यातली सामग्री. कुठली केव्हा बाहेर निघेल ते संवादात ठरते. अर्थात ही उपमाही शेवटपर्यंत नेऊ नये. दशावतारी नटाला आख्यान ठाऊक असते, पेशीला शेवट ठाऊक नसतो.

स्नायूंचे उदाहरण याहून बोलके आहे. अळीच्या पोटाच्या बहुतेक प्रत्येक खंडात एका बाजूला तीस स्नायू, प्रत्येकाची जागा आणि दिशा ठरलेली. केंब्रिजच्या मायकेल बेट यांनी त्यांचा उगम शोधला. सारख्याच योग्यतेच्या पेशींच्या घोळक्यातून एक पुढे होते आणि 'नॉच'च्या मार्गाने बाकीच्यांना थोपवते. तिच्यापासून मूळ-पेशी होतात. थोपवलेल्या पेशी मागाहून त्यांना येऊन मिळतात आणि त्यांचाच वेष घेतात. मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जॉयस फर्नांडिस आणि के. विजयराघवन यांनी बेट यांच्यासह १९९१ साली चिलटाच्या उडण्याच्या स्नायूंबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. कोशात अळीचे बहुतेक स्नायू विरघळून जातात, पण पाठीतले तीन उरतात; त्यांच्याच आधाराने नवे स्नायू रचले जातात आणि तिनांचे सहा होतात. जुन्या घराचे वासे ठेवून नवे घर बांधण्याची ही कोकणी काटकसर आपल्या मुंबईतच अभ्यासली गेली, आणि मराठी लेखांत तिचा उल्लेख मला क्वचितच भेटला.

आता घरातली गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात तान्ह्या मुलाच्या हृदयाच्या पडद्याला भोक निघाले. दर शंभर जन्मांमागे सुमारे एका बालकाच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो, तसे ते होते. घरी कुणीतरी एक लेख मोठ्याने वाचला: हृदयाचा आराखडा आईबापांच्या जनुकांत लिहिलेला असतो. आजी ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे ह्यां सुनेच्या माहेराकडसून इलां." पूर्वी तिने ग्रहणाला बोल लावला असता, आता लेखकाने तिला नवा शब्द दिला. बापाच्या बाजूचे नाव तिच्या मनातही आले नाही. सून मान खाली घालून पाळणा हलवीत राहिली.

टिनमनचे माणसातले भावंड आहे, हे खरे. त्यातल्या बिघाडाने काही कुटुंबांत हृदयदोष पिढ्यान्‌पिढ्या दिसतात, हे १९९८ साली सिद्ध झाले. पण त्याच कुटुंबांत तोच बिघाड एकाच्या पडद्याला भोक पाडतो, तर दुसऱ्याच्या फक्त ठोक्यांच्या वहनात अडथळा आणतो. आणि जन्मजात हृदयदोषांपैकी बहुतेकांत एका जनुकाकडे बोट दाखवताच येत नाही. त्या लेखात हे दोन्ही मुद्दे होते, अगदी शेवटच्या परिच्छेदात, लहान टाइपातल्या चौकटीत. वाचणारा तिथपर्यंत पोचण्याआधीच आजी उठून गेली होती.