अमेरिकेचीं प्रवासवर्णनें

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत स्थायिक झाली आणि आईबापांनीं तेथें चार-सहा महिने काढले, कीं परत आल्यावर एक प्रवासवर्णन सिद्ध होतें, असा आपल्याकडे आतां प्रघातच पडला आहे. अशीं पुस्तकें ओळीनें वाचणारास एक चमत्कारिक अनुभव येतो. लेखक बदलतो, मार्ग मात्र बदलत नाहीं. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता, वॉशिंग्टन, नायगारा, मग एकदम लास व्हेगास, तेथून ग्रँड कॅन्यन, आणि शेवटीं सॅन फ्रान्सिस्कोचा तांबडा पूल. पूर्वपश्चिम किनाऱ्यांमधील जवळजवळ चार हजार किलोमीटर भूमि, तिच्यांतील मक्याचीं अफाट शेतें, मिसिसिपी नदी आणि शिकागोसारखें शहर, हें सारें विमानांतील एका झोपेंत उरकलें जातें.

मार्ग ठराविक असणें हा दोष आम्ही मानीत नाहीं. पंढरीची वाटहि ठराविकच आहे, म्हणून तिच्यावरून गेलेल्यांचे अनुभव कांहीं शिळे झाले नाहींत. आमची तक्रार आहे ती नजरेविषयीं. नायगाऱ्याचेंच पाहा. निसर्गाचें अनिर्बंध, रौद्र रूप म्हणून त्याचें वर्णन न करणारा लेखक विरळा. वस्तुतः हा प्रपात पुष्कळच निर्बंधांत आहे. १९५० सालीं अमेरिका व कॅनडा यांच्यांत झालेल्या करारानें, एप्रिल ते ऑक्टोबर या काळांत दिवसा सेकंदास निदान १,००,००० घनफूट पाणी प्रपातावरून वाहूं द्यावें, असें ठरलें. रात्र चढल्यावर आणि हिवाळ्यांत याच्या निम्में पुरतें. बाकीचें वीज निर्माण करण्याकडे वळवितां येतें. १९६९ सालीं तर खडकांच्या पाहणीसाठीं बंधारा घालून अमेरिकन बाजूचा प्रपात कित्येक महिने कोरडा ठेवला होता. प्रवाशांच्या वेळापत्रकाप्रमाणें कमीअधिक होणारा धबधबा ही गोष्ट कोणत्याहि विशेषणापेक्षां अधिक नवलाची नाहीं काय? पण पुस्तकांत विशेषणेंच भेटतात.

ग्रँड कॅन्यनच्या बाबतींत हें दारिद्र्य अधिक बोंचतें. शब्द अपुरे पडतात असें सांगून लेखक तीन पानें शब्द वापरतो आणि त्या ४४६ किलोमीटर लांब दरींत माणूस म्हणून कधीं कोणी राहिलेंच नसावें, असा वाचकाचा समज होतो. तेथें हावासुपाई लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत व शेती करीत आले होते. १८८२ सालीं सरकारनें त्यांच्यासाठीं अवघी ५१८ एकर जमीन राखून ठेवली. १९१९ सालीं दरीचें राष्ट्रीय उद्यान झालें. आणि आंतील पायवाटेवरच्या ज्या हिरव्या जागेंत ते मळे करीत, तेथून त्यांतला शेवटचा रहिवासी १९२८ सालीं बाहेर घालविण्यांत आला. १९७५ सालीं कायद्यानें सुमारें १,८५,००० एकर भूमि त्यांस परत मिळाली. पूर्वीं इंडियन गार्डन म्हटल्या जाणाऱ्या त्या जागेस २०२२ सालीं हावासुपाई गार्डन्स हें नांव देण्यांत आलें. धरणापायीं गांव सोडावें लागलेलीं माणसें ज्या महाराष्ट्रानें पाहिलीं आहेत, तेथील लेखकाला हा प्रश्न सुचूं नये, याचें आम्हांस वाईट वाटतें.

आमची अपेक्षा अवाजवी नाहीं, कारण ती मराठींत एकदां पुरी झाली आहे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं पंडिता रमाबाई १८८६ सालीं फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८९ सालीं त्यांचें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झालें. त्यांची स्तुति कोठें कोठें सैल सुटते, हें खरें. परंतु राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था, या सर्वांविषयीं त्यांनीं चौकशी केली, आणि नांवांतच लोकस्थिति आधीं घालून प्रवासवृत्तास मागें बसविलें. आजच्या लेखकांपाशीं विमान आहे, मोटार आहे, घरचें माणूस दुभाषी आहे. रमाबाईंपाशीं होते ते प्रश्न.

न्यूयॉर्कहून हडसन नदीच्या कांठानें उत्तरेस गेलें, तर पोकिप्सी गांवीं एका अमेरिकन कुटुंबाच्या दफनभूमींत आनंदीबाईंच्या रक्षेवर बसविलेला दगड आहे. न्यूयॉर्कवर दोन-दोन प्रकरणें खर्चणाऱ्या आमच्या लेखकांस तेथवर जाण्यास एक दिवस पुरला असता.